अक्षरगणना आणि पदच्छेद : ग्रंथसूची संगणकावर चढविताना

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



ग्रंथालयाची संपत्ती कपाटांत असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरेच आहे; परंतु त्या कपाटांची किल्ली सूचीत असते. जेथे मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या भरपूर आहेत, तेथे एखादे पुस्तक सूचीत चुकीचे नोंदले गेले तरी कोणी तरी ते कपाटातून शोधून काढतो. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर वसलेल्या मराठी ग्रंथालयांना ही चैन परवडणारी नाही. येथे मराठीचा वाचक मोजका असतो, तो नेमके नाव घेऊन येतो आणि सूचीत ते नाव सापडले नाही तर पुस्तक नाही असे समजून परत जातो. अनेक वर्षे कोणी न मागितलेले पुस्तक पुढे जागेच्या टंचाईत सर्वांत आधी बाहेर जाते. म्हणून सूचीतील चूक ही येथे केवळ लेखनदोष राहत नाही. तिच्यामुळे पुस्तक हरवते.

आज जुनी कार्डे व दाखलपुस्तके संगणकावर चढविण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. त्या कामातील एक अगदी लहान दिसणारा प्रश्न या व्याख्यानाचा विषय आहे. एका रकान्यात किती अक्षरे आहेत हे मोजणे आणि एका रकान्यात ओळीने लिहिलेली नावे सुटी करणे, एवढाच तो प्रश्न. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचे तर अक्षरगणना आणि पदच्छेद. ही दोन्ही कामे संगणक क्षणार्धात करतो, म्हणूनच ती कोणी तपासत नाही.

कार्डांच्या काळात हा प्रश्न उद्भवत नव्हता. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या निमंत्रणावरून विल्यम अॅलन्सन बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० साली बडोद्यास आले आणि संस्थानात आधुनिक ग्रंथालयव्यवस्थेची घडी बसली. कार्डसूचीची शिस्त अशी, की पुस्तकाचे एक मुख्य कार्ड असे आणि सहलेखक, संपादक, अनुवादक यांच्या नावांनी प्रत्येकी एक पूरक कार्ड. महाराष्ट्र शब्दकोशाचे उदाहरण घ्यावे. १९३२ सालापासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या या कोशाच्या संपादकांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही दोन नावे प्रमुख आहेत. शिस्तीने केलेल्या सूचीत ‘द’च्या खणात हा कोश सापडे आणि ‘क’च्या खणातही सापडे. दोन माणसांची कार्डे दोन खणांत असल्यामुळे ती सुटी करण्याची गरजच पडत नसे.

संगणकावर चढविताना मात्र घाईत असे होते, की ‘ग्रंथकार’ या एका रकान्यात ‘दाते, कर्वे’ अशी दोन्ही नावे एकत्र लिहिली जातात. पडद्यावर नोंद नीटनेटकी दिसते. परंतु संगणकाच्या दृष्टीने ‘दाते, कर्वे’ या नावाचा तो एकच गृहस्थ असतो. नावांची अकारविल्हे यादी काढली तर कर्वे त्यात येत नाहीत, आणि कर्वे यांच्या पुस्तकांची मोजदाद केली तर हा कोश वगळला जातो. येथूनच गणना आणि छेद यांची गरज निर्माण होते.

पहिला प्रश्न असा, की रकान्यात किती नावे आहेत? डेटाबेसला विचारावयाच्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात, आणि ती लिहिण्याची रूढ भाषा म्हणजे एसक्यूएल. जुन्या एसक्यूएलमध्ये ‘अमुक चिन्ह किती वेळा आले’ असे थेट विचारण्याची सोय बहुधा नसे. त्यावर जाणकारांनी एक सुटसुटीत युक्ती काढली. संपूर्ण मजकुराची लांबी मोजावी. त्यातील सर्व अर्धविराम काढून टाकून उरलेल्याची लांबी मोजावी. दोहोंतील फरक म्हणजे अर्धविरामांची संख्या, आणि तीत एक मिळविला की नावांची संख्या. ‘दाते; कर्वे’ यात काना, मात्रा, हलन्त, अर्धविराम व मोकळी जागा धरून ११ चिन्हे आहेत. अर्धविराम काढल्यावर १० उरतात. फरक १, म्हणून नावे २. हिशेब चोख आहे.

परंतु हा हिशेब नोंद लिहिणाराच्या शिस्तीवर उभा असतो. कोणी ‘दाते; कर्वे;’ असा शेवटी एक जादा अर्धविराम दिला, की नावे ३ होतात आणि तिसरे नाव रिकामे निघते. रकाना रिकामाच असेल तर शून्य अधिक एक या न्यायाने तेथे एक ग्रंथकार असल्याचे उत्तर येते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील ‘लेन’ हे फंक्शन शेवटच्या मोकळ्या जागा मोजत नाही. तेथे ‘दाते ;’ अशी, अर्धविरामाआधी जागा सोडून केलेली नोंद ६ चिन्हांची भरते; अर्धविराम काढला की शेवटची जागाही हिशेबातून गळते आणि लांबी ४ येते. एका अर्धविरामाचे असे दोन होतात. हे दोष एकेकटे क्षुल्लक आहेत. हजारो नोंदींत ते विखुरले, की ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालातील आकडाच खोटा ठरतो.

आता विभाजक चिन्हाचा विचार करू. नावे वेगळी दाखविण्यासाठी कोणते चिन्ह निवडावे? नियम एकच आहे: जे चिन्ह मजकुरात अन्य कोणत्याही कारणाने येऊ शकत नाही तेच विभाजक म्हणून घ्यावे. मराठी नावांच्या बाबतीत ही कसोटी कठीण आहे. पूर्णविराम घ्यावा तर ‘य. रा. दाते’ या एका गृहस्थाचे तीन तुकडे होतात. स्वल्पविराम घ्यावा तर सूचीच्या रीतीने आडनाव आधी लिहिलेल्या ‘दाते, यशवंत रामकृष्ण, कर्वे, चिंतामण गणेश’ या नोंदीतून दोनाऐवजी चार माणसे निघतात. बोलीच्या सवयीने ‘दाते व कर्वे’ असे लिहिले आणि ‘व’ हे अक्षर विभाजक मानले, तर ‘यशवंत’ आणि ‘कर्वे’ ही नावे मधोमध तुटतात. कारण दोहोंतही ‘व’ आहे. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागांसह ‘व’ शोधला तरच ते संकट टळते. त्या मानाने अर्धविराम बरा. तो नावात सहसा येत नाही.

विरामचिन्हांना असे काम नेमून देण्याचे शास्त्र भारतीय ग्रंथपालांना अपरिचित नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचे नावच मुळी एका विभाजक चिन्हावरून पडले आहे. आरंभी विषयाचे घटक जोडण्याचे काम एकटा अपूर्णविराम करीत असे. एकच चिन्ह असल्यावर कोणता तुकडा कशाचा हे ओळखणे अवघड होते. पुढील आवृत्त्यांत स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, बिंदू व अवतरणचिन्ह यांना निरनिराळी कामे वाटून दिली गेली. चिन्ह पाहताच पुढील तुकडा द्रव्याचा, क्रियेचा, स्थळाचा की काळाचा हे कळू लागले. डेटाबेसमध्ये सर्व प्रकारची माहिती एकाच स्वल्पविरामाने जोडणाऱ्यांनी हा धडा अवश्य गिरवावा.

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात तयार झालेल्या ‘मार्क’ या नोंदपद्धतीने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. संगणकाच्या मूळ संकेतावलीत २९, ३० व ३१ या क्रमांकांवर केवळ विभाजनासाठी राखून ठेवलेली अदृश्य चिन्हे आहेत. नोंदीचा शेवट, रकान्याचा शेवट आणि उपरकान्याचा आरंभ दाखविण्यासाठी मार्कने तीच वापरली. कळफलकावर त्यांची कळच नसल्यामुळे ती कोणाच्या नावात वा पुस्तकाच्या शीर्षकात चुकूनही येत नाहीत. युनेस्कोने १९८५ पासून लहान संगणकांसाठी उपलब्ध केलेल्या ‘सीडीएस-आयसिस’ या प्रणालीत उपरकान्यापूर्वी टोपीसारखे एक चिन्ह व एक रोमन अक्षर देण्याची पद्धत होती. भारतातील अनेक ग्रंथालयांच्या पहिल्या संगणकीय सूची याच प्रणालीत झाल्या. अशा जुन्या नोंदी आज नव्या प्रणालीत नेताना त्या चिन्हांचा अर्थ जाणणारा माणूस जवळ असावा लागतो.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू पडेल. मराठीचा खास प्रश्न गणनेत आहे. अक्षर म्हणजे काय?

मराठी माणसाला हा प्रश्न विचारण्याची वस्तुतः गरज नाही. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात, हे त्याच्या कानाला ठाऊक असते. अक्षरगणवृत्तांची मांडणी अक्षरांच्या मोजणीवर झाली आहे. हस्तलिखितांच्या काळात ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ हे लेखनाचे माप होते आणि लेखनिकाचे पारिश्रमिक त्या मापाने ठरे. या सर्व मोजणीत जोडाक्षर एकच धरले जाते. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात ज्ञा, ने, श्व, री अशी चार अक्षरे आहेत, याविषयी कोणाही मराठी वाचकाचे दुमत होणार नाही.

संगणक मात्र ‘ज्ञानेश्वरी’ची चार निरनिराळी उत्तरे देऊ शकतो. युनिकोड संकेतावलीत ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी यांना प्रत्येकी स्वतंत्र संकेतांक आहे. त्यांची संख्या ११ भरते. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला ३ बाइट लागतात. म्हणून तोच शब्द ३३ बाइटांचा होतो. वाचकाच्या दृष्टीने अक्षर कोठे संपते हे ठरविणारे नियमही युनिकोडने दिले आहेत, पण त्यांत दीर्घकाळ हलन्तानंतर अक्षर तुटत असे. ‘ज्’ वेगळा आणि ‘ञा’ वेगळा, ‘श्’ वेगळा आणि ‘व’ वेगळा. त्या हिशेबाने उत्तर ६ येई. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला, आणि त्या नियमाने उत्तर ४ येते. जे मराठी कान पूर्वीपासून सांगत होता तेच.

यांपैकी कोणते उत्तर मिळेल हे विचारण्याच्या रीतीवर अवलंबून असते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘लेंथ’ हे फंक्शन बाइट मोजते. तेथे उत्तर ३३. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्याच नावाचे फंक्शन संकेतांक मोजते. तेथे उत्तर ११. नाव एकच, प्रश्न तोच, शब्द तोच, आणि उत्तरे भिन्न.

याचा परिणाम मघाच्या युक्तीवर कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. अर्धविराम हे मूळ रोमन संकेतावलीतील चिन्ह असल्याने ते १ बाइटाचे असते, म्हणून बाइट मोजले तरी फरक बरोबर येतो. परंतु एखाद्याने आपल्या परंपरेतील दंड विभाजक म्हणून वापरला, तर दंड ३ बाइटांचा आहे. ‘दाते।कर्वे’ या नोंदीचे ३० बाइट होतात, दंड काढला की २७ उरतात. फरक ३, आणि नावे ४! संकेतांक मोजले तर उत्तर २ येते. दोष दंडाचा नाही. मोजणाराने कोणते माप हाती घेतले आहे हे पाहिले नाही, एवढेच. बाइटांचे माप घेतले असेल तर आलेल्या फरकाला विभाजकाच्या लांबीने भागले पाहिजे.

रकान्याच्या मर्यादेतही हाच घोटाळा होतो. इंग्रजी नोंदींच्या अनुभवावरून ३० बाइटांचा रकाना ठेवला तर तेथे ‘ज्ञानेश्वरी’ हा एक शब्दसुद्धा मावत नाही. काही प्रणाली अशी नोंद नाकारतात, काही शेपूट कापून उरलेली ठेवतात. नाकारलेली नोंद तरी लक्षात येते. कापलेली नोंद लक्षात येत नाही. कापणे संकेतांकांच्या हिशेबाने झाले तरी धोका टळत नाही. ‘ज्ञानेश्वरी’चा पहिला संकेतांक घेऊन अकारविल्हे लावली तर ती ‘ज’खाली जाते, आणि ‘ज्ञ’ला स्वतंत्र अक्षर मानून अखेरीस पाहणारा वाचक तेथे शोधत राहतो.

याहून सूक्ष्म अडचण एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र ही मराठीची खास खूण. ती संगणकात दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ आणि हलन्त असे दोन संकेतांक लागतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तीन. कागदावर दोन्ही शब्द अभिन्न दिसतात, पण त्यांची लांबी वेगळी असते आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. अॅ या स्वराचेही तसेच. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. तत्पूर्वीच्या नोंदींत तो ‘अ’ आणि अर्धचंद्र असा दोन चिन्हांनी लिहिलेला आढळतो. तेव्हा मोजण्याआधी आणि छेदण्याआधी सर्व नोंदी एका रीतीवर आणणे अगत्याचे आहे.

युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेल्या याद्यांच्या बाबतीत तर हे अगत्य अनिवार्यच ठरते. हिंदी भाषक प्रदेशांत कृतिदेव हा फाँट सर्वत्र वापरला गेला, आणि तेथील मराठी संस्थांनाही तो हाताशी होता. त्या फाँटात रोमन अर्धविरामाच्या जागी ‘य’ आणि स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ बसविलेला आहे. पडद्यावर ‘यशवंत’ दिसतो, पण आत पहिले चिन्ह अर्धविरामाचे असते. अशी यादी युनिकोडमध्ये न आणता अर्धविरामावर छेदली, तर प्रत्येक ‘य’पाशी नाव तुटेल आणि ‘य’ नाहीसा होईल. आधी लिप्यंतर, मग छेद. हा क्रम उलटला तर मूळ यादीवाचून नुकसान भरून निघत नाही.

आता प्रत्यक्ष छेदाकडे वळू. जुनी पद्धत अशी: एक, दोन, तीन अशा क्रमांकांचे एक कोष्टक करावयाचे, मजकुराच्या दोन्ही टोकांना विभाजक जोडावयाचा, आणि प्रत्येक क्रमांकाच्या जागी विभाजक आहे का हे तपासून, असेल तेथून पुढच्या विभाजकापर्यंतचा तुकडा उचलावयाचा. मोजपट्टी लावून कापड बेतावे तसे हे काम आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ सालच्या आवृत्तीत छेदासाठी तयार फंक्शन आले. परंतु तुकडे मूळ क्रमाने मिळतील अशी हमी त्यात नव्हती. क्रमांकासह तुकडे देण्याची सोय २०२२ सालच्या आवृत्तीत झाली. ग्रंथालयाला ही सोय महत्त्वाची आहे. मुखपृष्ठावर ज्याचे नाव प्रथम, त्याची मुख्य नोंद. हा क्रम हरवला तर मुख्य ग्रंथकार कोण आणि साहाय्यक कोण हेही हरवते. शिवाय अर्धविरामावर छेदल्यावर दुसरा तुकडा आपल्यामागे मोकळी जागा घेऊन येतो. ती जागा काढली नाही तर ‘कर्वे’ आणि जागेसह ‘कर्वे’ असे दोन गृहस्थ सूचीत नांदू लागतात.

तथापि छेद हा उपाय रोगावरचा आहे. पथ्य वेगळेच आहे. आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. रकान्यातील मूल्य अखंड असावे, एका चौकटीत यादी कोंबू नये, हे तिचे पहिले पथ्य. ग्रंथांचे एक कोष्टक, व्यक्तींचे दुसरे, आणि कोणत्या ग्रंथाशी कोणती व्यक्ती कोणत्या नात्याने व कितव्या क्रमाने जोडलेली आहे हे सांगणारे तिसरे. मग नावे मोजण्यासाठी चिन्हे मोजावी लागत नाहीत. तिसऱ्या कोष्टकातील ओळी मोजल्या की झाले. जरा विचार केला तर हे तिसरे कोष्टक म्हणजे पूरक कार्डांचा जुना खणच होय. दाते यांचे एक कार्ड आणि कर्वे यांचे एक कार्ड करणाऱ्या सूचीकाराने हे पथ्य डेटाबेस जन्मण्यापूर्वीच पाळले होते.

म्हणून जुनी कार्डे संगणकावर चढविल्यानंतर ती फेकून देण्याची घाई करू नये. पूरक कार्डांत जी माहिती सुटी सुटी आहे, ती घाईने एका रकान्यात एकत्र करावयाची आणि पुढे क्वेरी लिहून पुन्हा सुटी करावयाची, यात श्रम तर वाया जातातच, पण नेमकेपणाही जातो. प्रारंभीच प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीत, नात्यासह आणि क्रमासह नोंदावे. जेथे यादी एकत्र आलीच आहे, तेथे आधी लिपी व संकेत एकरूप करावे, विभाजक एकच ठेवावा, छेद करावा, आणि मग मराठी जाणणाऱ्या माणसाने संशयित नोंदी कार्डांशी ताडून पाहाव्या. रिकामे तुकडे, एकाक्षरी नावे, नावात उरलेले विभाजक यांची यादी संगणकच काढून देईल. ‘रा’ हे नाव नसून आद्याक्षर आहे, हे मात्र त्याला माणसानेच सांगितले पाहिजे.

शब्दांत अंतर न सोडता लिहिलेली मोडी वाचणाऱ्याला शब्द कोठे तोडावा हे भाषेच्या ज्ञानावरून ठरवावे लागे. यंत्राची गती वाढली तरी ती जबाबदारी संपलेली नाही. एक अक्षर कशाला म्हणावे आणि एक नाव कोठे संपते, हे दोन निर्णय मराठीच्या जाणकारांनी घेतले, तर पुढील मोजणी यंत्र बिनचूक करील. आणि कर्वे यांचे नाव घेऊन येणाऱ्या वाचकाच्या हाती, दाते यांचे नाव त्याला ठाऊक नसले तरी, शब्दकोशाचा खंड पडेल.